विश्लेषण : फोटो काढला एकाने, मालक दुसराच? छायाचित्रांच्या हक्कांबाबत कायदा नेमका काय सांगतो?

आरे वसाहतीतील पाड्यावरची अरुंद गल्ली, रात्रीची वेळ आणि घरांच्या मधल्या वाटेने सावकाश येणारा बिबट्या. मुंबईचे छायाचित्रकार नयन खानोलकर यांच्या 'द अ‍ॅली कॅट' या छायाचित्राला २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी वन्यजीव गटाचे पारितोषिक मिळाले आणि मुंबईच्या उपनगरातील ही गल्ली जगभर पोहोचली. अशा चित्रात बटण दाबायला छायाचित्रकार जागेवर नसतो. तरीही चित्र त्याचेच मानले जाते. याउलट मुलुंडच्या एखाद्या सभागृहात सकाळपासून रात्रीपर्यंत उभे राहून लग्नाचे शेकडो फोटो काढणारा छायाचित्रकार, वेगळा करार नसेल तर, त्या फोटोंचा कायदेशीर मालक नसतो. हे कसे? आणि चित्रे, छायाचित्रे काढून, मांडून, विकून घर चालवणाऱ्यांनी यातून काय लक्षात ठेवावे?

बटण बिबट्यामुळे दाबले गेले, मग चित्र कोणाचे?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याला लागूनच आरे वसाहत आहे. तेथील पाड्यांवर वारली कुटुंबे राहतात आणि बिबट्यांचा वावर त्यांना नवा नाही. खानोलकर यांनी पाड्यावरील रहिवाशांच्या मदतीने गल्ली निवडली, गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखा प्रकाश पडेल अशा बेताने फ्लॅश लावले आणि बिबट्या चौकटीत कुठे दिसावा हे ठरवून कॅमेरा बसवला. हवे तसे चित्र मिळायला चार महिने गेले.

अशा कामात वापरल्या जाणाऱ्या 'कॅमेरा ट्रॅप'चे तंत्र सोपे आहे. कॅमेऱ्याला एक सेन्सर जोडलेला असतो. समोरून प्राणी गेला की सेन्सरला हालचाल किंवा शरीराची उष्णता कळते आणि शटर उघडते. म्हणजे शटर उघडण्याचा क्षण प्राणी ठरवतो, बाकी सगळे माणूस. चौकट, कोन, प्रकाश, भिंगाची निवड ही सर्जनाची कामे छायाचित्रकाराने आधीच केलेली असतात. त्यामुळे त्याला चित्राचा कर्ता मानण्यास ठोस आधार मिळतो.

प्राण्याला असा हक्क मिळू शकतो का, हा प्रश्न अमेरिकेत प्रत्यक्ष न्यायालयात गेला होता. इंडोनेशियात २०११ मध्ये एका माकडाने डेव्हिड स्लेटर या ब्रिटिश छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचे बटण दाबून स्वतःचे फोटो काढले. 'मंकी सेल्फी' म्हणून ते गाजले. पुढे माकडाच्या वतीने प्राणिहक्क संघटनेने दावा दाखल केला. अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तेथील कॉपीराइट कायद्याखाली प्राण्याला दावा करता येत नाही, असा निकाल दिला.

एक खुलासा आवश्यक आहे. राष्ट्रीय उद्यानात चित्रण करण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन विभागाची परवानगी लागते. कॉपीराइट कोणाचा हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. परवानगी दिली म्हणून वन विभाग चित्राचा मालक होत नाही आणि चित्र आपले म्हणून परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

भारतीय कायदा छायाचित्राला काय मानतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम २(क) नुसार चित्र, शिल्प, रेखाटन आणि छायाचित्र या सर्वांची गणना 'कलाकृती'त होते. तिच्यात कलात्मक गुणवत्ता असलीच पाहिजे, अशी अट नाही. पारितोषिक मिळालेला बिबट्या आणि घाटकोपरच्या दुकानदाराने आपल्या मालाचा स्वतः काढलेला फोटो, दोन्ही कायद्याच्या लेखी कलाकृतीच. छायाचित्राचा कर्ता म्हणजे 'छायाचित्र काढणारी व्यक्ती', अशी सरळ व्याख्या कायद्यात आहे.

हक्क मिळण्यासाठी नोंदणीची गरज नसते. चित्र तयार झाले की हक्क निर्माण होतो. कोपऱ्यात वर्तुळातला 'सी' किंवा वॉटरमार्क टाकला नाही म्हणून तो जात नाही. हक्काची मुदत कर्त्याचे आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे इतकी आहे. छायाचित्रांना हा लाभ उशिरा मिळाला. चित्रकाराला 'आयुष्य अधिक ६० वर्षे' असताना छायाचित्राची मुदत मात्र प्रकाशनापासून ६० वर्षे एवढीच होती. २०१२ च्या दुरुस्तीने हा भेद काढून टाकला.

मग लग्नाच्या फोटोंचा मालक ग्राहक कसा?

कर्ता आणि मालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वसाधारण नियम असा की कर्ता हाच पहिला मालक. पण कलम १७ मध्ये या नियमाला अपवाद दिले आहेत. त्यातील १७(ब) हा अपवाद उपनगरातील बहुतेक छायाचित्रकारांच्या रोजच्या धंद्याला लागू पडतो. कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा, रंगवलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक हा ते काम सांगणारा असतो. मात्र 'याविरुद्ध करार नसेल तर' हे शब्द त्याला जोडलेले आहेत.

म्हणजे दोन प्रश्न विचारायचे. काम कोणाच्या सांगण्यावरून झाले? त्यासाठी मोबदला दिला गेला का? दोन्हीची उत्तरे ग्राहकाच्या बाजूने असतील तर कॉपीराइट ग्राहकाचा. मोबदला म्हणजे रोख रक्कमच असली पाहिजे, असे नाही.

समजा, मुलुंडमधील एका कुटुंबाने स्टुडिओला लग्नाचे काम दिले. आगाऊ रक्कम दिली, तारीख ठरली, बाकी सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर. हक्कांबाबत कोणी काहीच बोलले नाही. अशा वेळी फोटोंचा कॉपीराइट त्या कुटुंबाचा. स्टुडिओने वधूचा सुंदर फोटो निवडून आपल्या इन्स्टाग्राम पानावर टाकला, दर्शनी काचेत लावला किंवा दागिन्यांच्या दुकानाला जाहिरातीसाठी दिला, तर कुटुंब हरकत घेऊ शकते. आपण काढलेला फोटो आपण कुठेही वापरू शकतो, या व्यवसायातल्या सर्रास समजुतीला कायद्यात आधार नाही.

आता दुसरे उदाहरण अंधेरीचे. वर्सोव्याच्या आराम नगरात ऑडिशन देणाऱ्या तरुण कलावंतांना पोर्टफोलिओ लागतो. तो पैसे देऊन काढून घेतला तर फोटोंचा पहिला मालक कलावंत. पण छायाचित्रकाराने स्वतःच्या कल्पनेने, स्वतःच्या सरावासाठी एखाद्या नवोदिताचे फोटो काढले आणि मोबदला घेतला नाही, तर मालक छायाचित्रकार. हल्ली 'कोलॅब' या नावाखाली दोघेही पैसे न घेता शूट करतात. काम कोणी सांगितले आणि कोणाला काय मिळाले, याबद्दल दोघांच्या आठवणी वर्षभराने वेगळ्या निघतात. वाद होतो तो इथेच.

मालक ग्राहक झाला म्हणजे छायाचित्रकाराकडे काहीच उरत नाही असेही नाही. कलम ५७ नुसार कर्त्याचे 'विशेष हक्क' कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी कायम राहतात. कलाकृती आपली आहे असे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा हा हक्क आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे प्रकरण यासाठी नेहमी सांगितले जाते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील त्यांचे भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले. शिल्पाचे पैसे सरकारने दिले होते, ताबाही सरकारचा होता. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सहगल यांच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे उरलेले भाग त्यांना परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

नोकरीतील छायाचित्रकाराचे काय?

पगारी नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंचा पहिला मालक नियोक्ता असतो. स्टुडिओने एका दिवसाच्या मानधनावर बोलावलेला 'सेकंड शूटर' नोकर नसतो. पण तोही स्टुडिओच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊनच काम करतो. त्यामुळे १७(ब) चा नियम त्याच्याही आड येतो. त्या दिवशीचे चार फोटो स्वतःच्या पोर्टफोलिओत वापरायचे असतील तर परवानगी आधी, लेखी घ्यावी.

वृत्तपत्रे आणि नियतकालिकांसाठी तरतूद वेगळी आहे. नोकरीत असलेल्या छायाचित्रकाराने वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्यासाठी काढलेल्या फोटोंच्या प्रकाशनाचा हक्क वृत्तपत्राच्या मालकाकडे जातो. अन्य बाबतीत पहिला मालक छायाचित्रकारच, असे १७(अ) म्हणते. अर्थात इथेही करार वेगळा असेल तर करार चालतो. नेमणूकपत्रावर सही करताना ही ओळ वाचावी, ती यासाठी.

प्रिंट विकली म्हणजे नेमके काय विकले?

भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरात फ्लेमिंगो टिपायला पहाटेपासून मोठी भिंगे घेऊन थांबणारे हौशी छायाचित्रकार मुलुंड-घाटकोपरकरांच्या परिचयाचे आहेत. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. समजा, यांपैकी एकाने आपल्या फ्लेमिंगोच्या फोटोची मोठी प्रिंट फ्रेम करून विकली. घेणाऱ्याने काय विकत घेतले? तो कागद, ती फ्रेम आणि ती भिंतीवर लावण्याचा अधिकार. फोटोचा कॉपीराइट नव्हे. गृहप्रकल्प उभारणाऱ्याने ती प्रिंट विकत घेऊन 'खाडी दर्शन' सदनिकांच्या पत्रकावर छापली, तर तो हक्कभंग ठरतो. पैसे मोजून प्रिंट घेतली आहे, हा बचाव पुरत नाही. चित्रकाराकडून कॅनव्हास घेणाऱ्यालाही हेच लागू पडते.

हक्क द्यायचाच असेल तर दोन मार्ग आहेत. एक, हस्तांतरण, ज्यात मालकीच बदलते. दुसरा, परवाना, ज्यात मालकी आपल्याकडे राहते आणि ठरावीक वापराची मुभा दिली जाते. दोन्ही लेखी असावे लागतात. हस्तांतरणाच्या करारावर हक्क देणाऱ्याची सही हवी आणि कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, किती मोबदल्यात हे त्यात असावे लागते. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असे कायदा गृहीत धरतो.

अनेकांचे नुकसान होते ते 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर' अशा ओळीवर नकळत सही केल्याने. छायाचित्र स्पर्धांच्या नियमावलीत ही ओळ हमखास आढळते. बक्षीस एकाला मिळते, हक्क मात्र सगळ्या प्रवेशिकांचे जातात. समाजमाध्यमांवर फोटो टाकताना मालकी आपलीच राहते, पण त्या कंपनीला तो वापरण्याचा व्यापक, विनामूल्य परवाना मिळतो. त्यामुळे विक्रीसाठी ठेवलेल्या फोटोची पूर्ण आकाराची फाइल तिथे टाकू नये.

प्रदर्शन भरवताना काय पाहावे?

बोरिवली किंवा मुलुंडच्या चित्रकाराला आजही नाव कमवायचे तर दक्षिण मुंबई गाठावी लागते. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीने वांद्र्याला वास्तू उभारल्यामुळे उपनगराच्या वेशीवर एक जागा झाली. तरी १९५२ पासून सुरू असलेल्या जहांगीर कलादालनाचे आकर्षण कमी झालेले नाही. तिथल्या तारखेसाठी कलावंत वर्षानुवर्षे थांबतात. तारीख मिळाली की पुठ्ठ्यात बांधलेल्या फ्रेम लोकलच्या मालडब्यातून किंवा टेम्पोने काळा घोड्यापर्यंत न्यायच्या, आठवडाभर दालनात बसायचे आणि न विकलेली चित्रे परत आणायची. दालनाचे भाडे, फ्रेम आणि वाहतूक हा खर्च कलावंताचाच. हा खर्च एका आठवड्यात भरून निघणे अवघड असते. त्यामुळे त्याच चित्रांचे पुढचे उत्पन्न, म्हणजे दिनदर्शिका, पुस्तकाचे मुखपृष्ठ, कार्यालयाची भिंत यांसाठीचे परवाने, महत्त्वाचे ठरते. हे उत्पन्न हक्क आपल्याकडे असतील तरच मिळते.

खासगी दालन विक्रीवर कमिशन घेते. तिथे टक्केवारीबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. चित्र दालनाच्या ताब्यात असताना खराब झाले तर जबाबदारी कोणाची? पैसे किती दिवसांत मिळणार? आणि खरेदीदाराचे नाव कलावंताला कळणार का? फोटोची प्रिंट विकताना आवृत्ती मर्यादित ठेवण्याची पद्धत आहे. एकूण दहाच प्रिंट काढायच्या असतील तर तिसरीवर ३/१० असे लिहून सही करतात आणि सोबत प्रमाणपत्र देतात. अकरावी प्रिंट काढली तर आधीच्या दहा जणांचा विश्वास जातो.

पुनर्विक्रीतही एक भेद आहे. चित्र, शिल्प किंवा रेखाटनाची मूळ प्रत १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली तर पहिला मालक असलेल्या कलावंताला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे. कलम ५३(अ) मधील या यादीत छायाचित्राचा उल्लेख नाही. त्यामुळे एखाद्या प्रिंटची किंमत पुढे कितीही वाढली, तरी छायाचित्रकाराला त्या कलमाखाली वाटा मागता येत नाही.

'फोटो सौजन्य : इंटरनेट' लिहिले की झाले?

नाही. सौजन्य म्हणजे परवानगी नव्हे. ही चूक सामान्य वाचक करतात, तशीच आमच्यासारखे डिजिटल डेस्कवर काम करणारेही करतात. रात्रपाळीत बातमी लवकर लावायची घाई असते, शोधयंत्रावर हवा तो फोटो पहिल्याच ओळीत दिसतो आणि हात तिकडे जातो. प्रस्तुत वार्ताहरानेही पहिल्या वर्षी असे फोटो घेतले आहेत. एकदा एका छायाचित्रकाराचा फोन आला आणि त्यांनी न चिडता एवढेच विचारले, 'माझा नंबर शोधायला तुम्हाला किती वेळ लागला असता?' नाव त्यांच्या पानावर होते, नंबरही होता. शोधायला दोन मिनिटे लागली नसती.

कायद्यात 'न्याय्य वापरा'ची सोय आहे. खासगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी मर्यादित वापर करता येतो. पण पक्ष्यांच्या सहलीच्या जाहिरातीला फ्लेमिंगोचा फोटो लावणे किंवा नेत्याच्या वाढदिवसाच्या फलकावर कोणाचा तरी सूर्यास्त छापणे यात बसत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता, हे परवानगीचे कारण होऊ शकत नाही.

रस्त्यावरच्या भित्तिचित्राचा फोटो काढला तर?

उघड्यावरची वास्तू किंवा कायमस्वरूपी बसवलेले शिल्प यांचे फोटो काढण्यास व प्रसिद्ध करण्यास कलम ५२ मुभा देते. भिंतीवर रंगवलेले चित्र मात्र फोटोच्या या मुभेत स्पष्टपणे नमूद नाही. मुंबईतील एका भित्तिचित्रावरूनच हा प्रश्न न्यायालयात गेला. एका विमा कंपनीने 'ह्युमॅनिटी' या भित्तिचित्राचा वापर जाहिरातफलकात केला, अशी तक्रार घेऊन स्टार्ट इंडिया फाउंडेशन दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये न्यायालयाने प्रथमदर्शनी ही जाहिरातच आहे, असे नोंदवून संबंधित ऑनलाइन पोस्ट हटवण्याचे निर्देश दिले. वांद्र्याच्या रंगवलेल्या गल्लीत मित्रांचा फोटो काढणे आणि त्याच भिंतीसमोर ब्रँडचे कपडे घालून जाहिरात करणे, यात फरक करावा लागतो.

वारली चित्रशैली कोणाची?

पुन्हा आरेच्या पाड्याकडे येऊ. तेथील घरांचे नाते ज्या चित्रपरंपरेशी आहे, ती आज कुर्त्यांपासून कपबशांपर्यंत सगळीकडे छापली जाते. लग्नघरात सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, ही तिची मूळ रीत. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ती कागद-कापडावर आणून जगासमोर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

कॉपीराइट शैलीला मिळत नाही, विशिष्ट चित्राला मिळतो. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे वारली पद्धतीने चित्र काढण्यास कॉपीराइट कायदा कोणाला रोखत नाही. पण एखाद्या वारली कलावंताने केलेली विशिष्ट रचना उचलून छापणे हा हक्कभंगच. परंपरेच्या रक्षणासाठी वेगळा कायदा आहे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते समाजाच्या नावाचे रक्षण करते. यंत्रावर छापलेल्या कापडाला 'अस्सल वारली चित्र' म्हणून विकण्याविरुद्ध त्याचा आधार घेता येतो. मानांकनाची नोंदणी दर १० वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि कलावंताने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते.

एआयच्या मदतीने एखाद्या चित्रकाराच्या धाटणीची चित्रे काढली जातात, तेव्हाही हाच पेच येतो. धाटणीवर हक्क सांगता येत नाही, पण ओळखू येईल अशी नक्कल तयार झाली तर मूळ चित्राच्या मालकाला दाद मागता येते.

फोटो चोरीला गेला तर काय करावे?

पहिले काम पुरावा जपण्याचे. कॅमेऱ्यातील मूळ रॉ फाइल हा सर्वांत भक्कम पुरावा, कारण चोरणाऱ्याकडे ती नसते. फाइलमध्ये कॅमेऱ्याचे मॉडेल, तारीख, वेळ, भिंगाची माहिती नोंदलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. ज्या पानावर आपला फोटो दिसला त्याचा पत्ता, तारीख आणि स्क्रीनशॉट लगेच घ्यावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलची 'हॅश' नोंदवतात. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला एक लांबलचक क्रमांक. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी हा क्रमांक बदलतो. त्यामुळे पुराव्यात फेरफार झालेला नाही, हे दाखवता येते.

दुसरे काम नोटीस. संकेतस्थळाच्या किंवा समाजमाध्यमाच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार दिल्यास कॉपीराइट नियम, २०१३ नुसार मध्यस्थ कंपनीने ३६ तासांत त्या मजकुरापर्यंतचा प्रवेश थांबवणे अपेक्षित असते. मात्र ही सोय २१ दिवसांपुरती असते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा दिसू शकतो.

तिसरा मार्ग न्यायालयाचा. कलम ६२ ची सोय कलावंताच्या बाजूची आहे. फोटो वापरणारी कंपनी चेन्नईची असली तरी फिर्यादी जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या सक्षम न्यायालयात दावा लावता येतो. जाणूनबुजून केलेला हक्कभंग फौजदारी गुन्हाही आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले.

नोंदणी सक्तीची नसली तरी वादात उपयोगी पडते. कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, मालावर वापरायच्या कलाकृतीसाठी दोन हजार रुपये असून अर्ज ऑनलाइन करता येतो. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. प्रत्येक फोटोची नोंदणी परवडणारी नाही. ज्या पाच-दहा चित्रांवर उत्पन्न अवलंबून आहे, तेवढ्यांची करावी.

करारात काय लिहावे?

वरील बहुतेक प्रश्नांचे उत्तर कायद्याने कराराच्या हाती सोपवले आहे. करार म्हणजे वकिलाने केलेले वीस पानी कागद असे नाही. सोप्या मराठीत एक पान पुरते. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

– कामाची तारीख, ठिकाण, एकूण रक्कम, आगाऊ रक्कम आणि उरलेले पैसे केव्हा द्यायचे.

– कॉपीराइट कोणाकडे राहील. छायाचित्रकाराकडे ठेवायचा असेल तर तसे स्पष्ट शब्दांत. ग्राहकाकडे जाणार असेल तर छायाचित्रकाराला पोर्टफोलिओ आणि प्रदर्शनासाठी वापराची मुभा आहे की नाही.

– ग्राहकाला कोणत्या वापराची मुभा आहे. घरगुती अल्बम आणि समाजमाध्यमे एवढीच की जाहिरातही.

– रॉ फाइल द्यायच्या का, किती फोटो एडिट करून द्यायचे आणि फाइल किती महिने जपून ठेवायच्या.

– घरातील मुलांचे किंवा पाहुण्यांचे फोटो सार्वजनिक करायचे नाहीत, अशी अट असल्यास ती.

– फोटो छापताना छायाचित्रकाराचे नाव द्यायचे का.

खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. ग्राहकानेही हे पान मागून घ्यावे, कारण आपल्या मुलीचा फोटो स्टुडिओच्या काचेत किंवा कोणाच्या जाहिरातीत दिसावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यातून स्पष्ट होतो. काही स्टुडिओंना भीती वाटते की कागद पुढे केला तर गिऱ्हाईक बिचकेल. पण रक्कम आणि तारीख लिहिलेली पावती तर आजही दिली जातेच. त्याच पावतीच्या मागे या सहा ओळी छापता येतात. तुळशीचे लग्न झाले की बोरिवली ते मुलुंड सगळ्या सभागृहांच्या तारखा भरू लागतात. पावतीपुस्तक छपाईला द्यायचे ते त्याआधी.